आधी पाय मोजा : शेतातील कीटक आणि कोळी शरीररचनेवरून कसे ओळखावेत

पराटीच्या (कपाशीच्या) एकाच पानाखाली तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी आणि लाल कोळी एकाच वेळी सापडू शकतात. यांपैकी तुडतुड्यांची आर्थिक नुकसानीची पातळी (ज्या संख्येला फवारणी परवडू लागते ती) पानामागे २ ते ३, फुलकिड्यांची १० आणि पांढऱ्या माशीची ८ ते १० प्रौढ अशी धरली जाते. म्हणजे समोर बसलेला जीव नेमका कोण, हे ठरल्याशिवाय मोजणीला काही अर्थ उरत नाही आणि मोजणीशिवाय फवारणीचा निर्णय आंधळा ठरतो. चौथा जीव, म्हणजे कोळी, हा तर कीटकच नाही. इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झामसारखी औषधे रस शोषणाऱ्या कीटकांवर चालतात, पण कोळ्यावर चालत नाहीत. उलट काही पिकांत त्यांच्या वापरानंतर कोळी वाढल्याचे आढळले आहे.

तरीही आपल्याकडे वाळलेले किंवा आकसलेले पान खिशात घालून कृषी केंद्रावर जायचे आणि पान पाहून मिळेल ती बाटली आणायची, ही पद्धत सर्रास चालते. पानावरील लक्षण ही ओळखीची फार कच्ची खूण आहे. भिवापूरकडच्या मिरचीत पाने वरच्या बाजूला वळली तर फुलकिडे आणि खालच्या बाजूला वळली तर कोळी, असा ठोकताळा आहे व तो बऱ्याचदा बरोबरही येतो. परंतु पांढऱ्या माशीने पसरवलेल्या विषाणूमुळेही पाने आकसतात आणि एकाच झाडावर तिन्ही कारणे एकत्र असू शकतात. पराटीची पाने लाल होण्यामागे तुडतुडे असतात, तसेच अन्नद्रव्यांची कमतरता आणि उतरलेले तापमानही असते. म्हणून पानाकडे नंतर पाहा, जिवाकडे आधी पाहा.

मी हे काम पीक सर्वेक्षणाच्या निमित्ताने शिकलो. २००८ च्या खरिपात सोयाबीनवर तंबाखूची पाने खाणाऱ्या अळीचा मोठा उद्रेक झाला आणि त्यानंतर राज्यात क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. अशा सर्वेक्षणात नव्याने उतरलेली मुले-मुली, कृषी पदविकेचे विद्यार्थी आणि स्वतःच्या वावरात स्वतः निरीक्षण करू इच्छिणारे शेतकरी यांच्यासाठी हा लेख आहे. यात ‘कोळी’ हा शब्द पिकावरील अष्टपाद किडीसाठी वापरला आहे. जाळे विणून भक्ष्य पकडणाऱ्या प्राण्याला ‘जाळ्याचा कोळी’ असे म्हटले आहे.

१. साहित्य जमवा

फार खर्च करण्याची गरज नाही. पुढील वस्तू एका पिशवीत कायम तयार ठेवाव्यात.

- १० पट मोठे दाखवणारे घडीचे भिंग. जमल्यास २० पटीचे दुसरे
- पांढरा जाड कागद आणि मिलिमीटरच्या चौकटींचा आलेख कागद
- चित्रकलेचा सर्वांत बारीक ब्रश, टोकदार चिमटा
- होमिओपॅथीच्या औषधांसाठी मिळतात तशा घट्ट बुचाच्या लहान काचेच्या बाटल्या
- ७० टक्क्यांचे अल्कोहोल (औषधांच्या दुकानातील आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते)
- शिसपेन, कागदाच्या लहान चिठ्ठ्या, वही
- झिप असलेल्या प्लास्टिक पिशव्या. पान ताजे न्यायचे असल्यास आत टिपकागद

भिंग धरण्याची पद्धत पहिल्याच दिवशी नीट शिकून घ्यावी. नवखे लोक भिंग पानाजवळ धरतात आणि डोळा लांब ठेवतात, त्यामुळे काहीच स्पष्ट दिसत नाही. भिंग डोळ्याच्या अगदी जवळ, जवळपास टेकलेले ठेवावे आणि पान हळूहळू भिंगाकडे आणावे. दहा पटीच्या भिंगाखाली वस्तू साधारण अडीच सेंटिमीटरवर आली की स्पष्ट दिसते. उजेड पाठीमागून नव्हे, बाजूने यावा. मोबाइलला अडकवायची छोटी मॅक्रो भिंगे मिळतात, तीही उपयोगी आहेत. मात्र ती फोटोसाठी वापरावीत, पहिल्या निरीक्षणासाठी नाही, कारण जिवाची हालचाल ही ओळखीतली मोठी मदत असते आणि ती साध्या भिंगातूनच चांगली समजते.

निरीक्षण सकाळी लवकर करावे. उन्हे वर आली की तुडतुडे आणि पांढरी माशी पानाला हात लागताच उडून जातात.

एक इशारा येथेच देऊन ठेवतो. फवारलेल्या शेतात लगेच शिरू नये आणि शिरावे लागलेच तर हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि नंतर साबणाने हात धुणे याला पर्याय नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विदर्भात कोणाला नव्याने सांगण्याची गरज नाही. किडीचा नमुना घेताना पानाला हात लावावाच लागतो, म्हणून शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली हे शेतमालकाला आधी विचारावे.

२. पाय मोजा

कीटकाला सहा पाय असतात आणि ते सर्व वक्षावर, म्हणजे शरीराच्या मधल्या भागावर, जोडलेले असतात. पूर्ण वाढलेल्या कोळ्याला, गोचिडाला, जाळ्याच्या कोळ्याला आणि विंचवाला आठ पाय असतात. सहा आणि आठ हा पहिला फाटा. शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथे संपते; शेतात इथून सुरू होते, कारण अपवाद रोज भेटतात.

पहिला अपवाद कोळ्याच्या पिल्लांचा. अंड्यातून निघालेल्या कोळ्याला सहाच पाय असतात. कात टाकून पुढच्या अवस्थेत गेल्यावर ते आठ होतात. त्यामुळे एका पानावर सहा पायांचा एकच बारीक जीव पाहून ‘कीटक’ असा निकाल देऊ नये. त्याच पानावर त्याच्यापेक्षा मोठे, तशाच ठेवणीचे आठ पायांचे जीव आहेत का ते पाहावे. एका जिवावर नव्हे, वसाहतीवर निर्णय घ्यावा.

दुसरा अपवाद तुरीत भेटतो. तुरीच्या वांझ रोगाचा विषाणू पसरवणारा कोळी, अॅसेरिया कजानी, हा एरिओफिड कुळातला आहे आणि या कुळातील कोळ्यांना आयुष्यभर चारच पाय असतात, तेही सगळे डोक्याकडे. शरीर लांबट, अळीसारखे आणि लांबी मिलिमीटरच्या पाचव्या भागाच्या आसपास. दहा पटीच्या भिंगातून तो दिसेल अशी आशा धरू नये. संत्र्याच्या फळावर तांबूस-करडे डाग पाडणारा कोळीही याच कुळातला. अशा वेळी शेंगा न धरणारी, फिकट बारीक पानांची तुरीची फांदी किंवा डागाळलेले कोवळे फळ पिशवीत घालून सूक्ष्मदर्शक असलेल्या ठिकाणी न्यावे.

तिसऱ्या गटात पायच दिसत नाहीत. पांढऱ्या माशीची पिल्ले पहिली अवस्था संपली की पानाला चिकटून चपट्या, लंबगोल खवल्यासारखी बसतात. पाय असून नसल्यासारखे असतात. संत्र्यावर कोळशी (काळी बुरशी) आणणाऱ्या काळ्या माशीचे तसेच. खवले किडींच्या माद्याही जागच्या हलत नाहीत. हे सर्व कीटकच आहेत. ब्रशच्या टोकाने उलटवून पाहिल्यास पानात रुतलेली बारीक सोंड किंवा निदान चिकटलेली जागा दिसते.

चौथा गट उलट प्रकारचा आहे. फुलपाखरू-पतंगांच्या अळीला पुढचे सहा खरे पाय असतात, त्याशिवाय पोटावर मांसल खोटे पाय असतात, म्हणून मोजणी सोळापर्यंत जाते. त्याबद्दल पुढे सविस्तर येईल. आणि जाळ्याच्या कोळ्याच्या तोंडाजवळची स्पर्शांगे नरात इतकी फुगीर असतात की अनेकांना पाय दहा वाटतात. ती मोजू नयेत.

३. शरीराचे भाग आणि मिशा पाहा

पायांची संख्या पटत नसेल तेव्हा मिशा (पुस्तकी भाषेत शृंगिका किंवा स्पर्शिका) शोधाव्यात. कीटकाला मिशांची एक जोडी असते. कोळ्याला, गोचिडाला आणि जाळ्याच्या कोळ्याला मिशा नसतात, पंखही नसतात. काही कोळी पुढचे पाय वर उचलून चाचपडत चालतात आणि ते मिशांसारखे दिसतात. ते जमिनीला टेकतात की नाही एवढे पाहिले की शंका फिटते.

कीटकाच्या शरीराचे डोके, वक्ष आणि उदर असे तीन भाग. जाळ्याच्या कोळ्याचे दोन आणि त्यांच्यामध्ये बारीक कंबर. पिकावरच्या कोळ्यात मात्र कंबर नसते; पुढे निघालेला तोंडाचा लहानसा भाग सोडला तर बाकीचे शरीर अखंड असते. वांग्याच्या पानाखालील बारीक जाळीत सापडलेल्या जिवाला कंबर दिसली तर तो शत्रू नसून किडी खाणारा जाळ्याचा कोळी आहे, त्याला राहू द्यावे.

मिशांची ठेवणही बोलते. सोयाबीनच्या चक्रीभुंग्याच्या मिशा शरीराइतक्या किंवा त्याहून लांब असतात. साठवलेल्या धान्यातील तांबड्या पिठाच्या भुंग्याच्या मिशांची शेवटची तीन पेरे एकदम जाड होतात, तर त्याच्या जवळच्या भाईबंदाच्या मिशा टोकाकडे हळूहळू जाड होत जातात. फुलकिड्यांच्या जाती सांगताना तज्ज्ञ मिशांची पेरे मोजतात : कांद्यावरील फुलकिड्याला सात, मिरचीवरील फुलकिड्याला आठ. हे शेतात मोजता येत नाही, काचपट्टीवरच मोजावे लागते. परंतु ‘फुलकिडे’ एवढे सांगून जात ठरत नाही, हे ध्यानात राहावे.

४. पंख पाहा

पंख असतील तर तो प्रौढ कीटकच आहे. पुढचा प्रश्न, किती आणि कसे.

खऱ्या माशीला आणि डासाला पंखांची एकच जोडी असते. मागच्या जोडीच्या जागी टाचणीच्या डोक्यासारखा एकेक बारीक गोळा देठावर असतो आणि त्यावर तोल सांभाळला जातो. सोयाबीनची खोडमाशी अशी दोन पंखांची आहे. पांढऱ्या माशीला आणि संत्र्यावरील काळ्या माशीला मात्र चार पंख असतात, कारण त्या मावा आणि तुडतुड्यांच्या गोतावळ्यातल्या आहेत. पांढऱ्या माशीचे पंख मेणाच्या पांढऱ्या भुकटीने माखलेले असतात. बोटाला लागले की भुकटी राहते.

भुंग्यांचे पुढचे पंख टणक असतात आणि पाठीवर मधोमध सरळ रेषेत मिटतात. ढेकण्यांचे पुढचे पंख अर्धे जाड, अर्धे पातळ असतात आणि मिटल्यावर पाठीवर एकावर एक येऊन फुलीसारखी रेषा दिसते. खांद्यांमध्ये एक त्रिकोणी ढालही असते. फुलकिड्याचे पंख फार अरुंद आणि कडेने लांब केसांची झालर असलेले असतात. फुलकिडा स्वतःच जेमतेम मिलिमीटरभर लांब असल्यामुळे ही झालर २० पटीच्या भिंगाने बरी दिसते.

तुडतुड्याला ओळखण्यासाठी पंखांवरील खूण पुरते. कपाशीवरील हिरवट तुडतुड्याच्या डोक्यावर दोन आणि प्रत्येक पुढच्या पंखाच्या मागील टोकाकडे एक असे काळे ठिपके असतात. पिलांना पंख नसतात, पण त्यांना डिवचले की ती तिरकी चालतात आणि हे लक्षण कोणत्याही ठिपक्यापेक्षा खात्रीचे आहे. मागच्या नडगीवर काट्यांची रांगही दिसते. संत्र्यावरची सायला बसतानाच ओळखू येते, कारण ती शरीराचा मागचा भाग उचलून पानाशी सुमारे ४५ अंशांचा कोन करून बसते.

५. तोंड पाहा, मगच मित्र की शत्रू ते ठरवा

तोंडाच्या रचनेवरून दोन गोष्टी कळतात : जीव झाडाला काय करतो आणि तो मुळात झाड खातो की दुसरे कीटक खातो.

चावणारे जबडे असलेले भुंगे आणि अळ्या पाने कुरतडतात. सोंड असलेले मावा, तुडतुडे, पांढरी माशी, ढेकण्या रस शोषतात. माव्याच्या उदराच्या शेवटी दोन बारीक नळ्या मागे निघालेल्या असतात. त्या दिसल्या की ओळख पटली. फुलकिड्याच्या तोंडाची रचना विचित्र असते : डावा जबडा तेवढा वाढलेला, उजवा नाही. म्हणूनच तो पेशी खरवडून रस घेतो आणि पानावर चंदेरी ओरखडे उठतात.

ढेकण्यांमध्ये सोंडेकडे विशेष लक्ष द्यावे. झाडाचा रस घेणाऱ्यांची सोंड सडपातळ, चार पेऱ्यांची असते आणि न वापरता पोटाखाली सपाट पडलेली असते. शिकारी ढेकण्यांच्या एका मोठ्या गटात ती आखूड, जाड, तीन पेऱ्यांची आणि डोक्याखाली बाकदार वळलेली असते. पराटीवरील लाल ढेकण्या पहिल्या प्रकारचा. त्याची आणखी एक खूण म्हणजे डोक्यावर साधे डोळे नसतात, फक्त दोन मोठे संयुक्त डोळे असतात. त्याच्यासारख्याच तांबड्या-काळ्या दिसणाऱ्या दुसऱ्या कुळातील ढेकण्यांना मात्र दोन साधे डोळे असतात. शिकारी ढेकण्याला उघड्या बोटांनी धरू नये, तो जोरात टोचतो.

मावा खाणाऱ्या लेडी बर्ड भुंग्याची अळी हीच सर्वांत जास्त अन्यायाने मारली जाते. काळपट, लांबट, पाठीवर काटेरी उंचवटे, नारिंगी ठिपके, सहा लांब पाय, आणि माव्याच्या वसाहतीत लगबगीने फिरणारी. पोटावर खोटे पाय नसतात, त्यामुळे ती पतंगाची अळी नाही हे लगेच कळते. क्रायसोपा या दुसऱ्या मित्रकीटकाच्या अळीचे जबडे विळ्यासारखे वळलेले आणि डोक्यापुढे निघालेले असतात; तिची अंडी पानावर केसासारख्या देठांच्या टोकाला असतात. हे दोन चेहरे पाठ झाले की बऱ्याच फवारण्या आपोआप लांबतात.

६. अळ्यांचे वेगळे प्रकरण

अळी म्हटली की सगळे रंग सांगतात. रंगावर विसंबू नये. हिरव्या बोंडअळीचा, म्हणजेच तुरीवरच्या आणि हरभऱ्यावरच्या घाटेअळीचा, रंग हिरव्यापासून तपकिरीपर्यंत काहीही असू शकतो. शेंदरी बोंडअळी लहान असताना पांढुरकी असते, गुलाबी छटा नंतर येते. डोमकळी (अळीमुळे न उमललेले, मिटलेले फूल) उघडून आत पांढरी अळी दिसली म्हणून ‘ही ती नव्हे’ असे म्हणणारे अनेक आहेत. शिवाय अल्कोहोलमध्ये टाकल्यावर रंग उडतो, म्हणून रंगाची नोंद जिवंतपणीच करावी आणि ओळख ठेवणीवरून करावी.

क्रम असा ठेवावा.

डोके आहे का? खोडमाशीच्या अळीला वेगळे डोके नसते. पुढचे टोक निमुळते असते आणि त्यात तोंडाच्या काळ्या आकड्या दिसतात. चक्रीभुंग्याची अळीही सोयाबीनच्या खोडातच सापडते आणि तिलाही पाय नसतात, परंतु तिला टणक डोके आणि जबडे असतात, रंग पिवळसर आणि पूर्ण वाढल्यावर लांबी सुमारे दोन सेंटिमीटर असते. खोड चिरून दोन्ही एकदा शेजारी ठेवून पाहाव्यात. नंतर चूक होत नाही. सडक्या बोंडातही माशांच्या बिनडोक्याच्या अळ्या असतात, त्या बोंडअळी म्हणून मोजू नयेत.

वक्षावर खरे पाय आहेत का? हुमणीला तीन जोड्या असतात, पोटावर एकही नसतो आणि शरीर इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखे वळलेले असते. शेणखताच्या खड्ड्यातली प्रत्येक पांढरी जाड अळी मुळे खाणारी हुमणी नसते. उदराच्या शेवटच्या खंडाच्या खालच्या बाजूस आखूड काट्यांची जी मांडणी असते, तिच्यावरून तज्ज्ञ हुमणीच्या जाती वेगळ्या करतात. शेतकऱ्याला जमेल अशी एक चाचणी आहे : अळी सपाट जागेवर ठेवावी, ती उताणी होऊन पाठीवर सरपटू लागली तर ती फुलभुंग्यांच्या गटातली आहे आणि या गटातील बहुतेक अळ्या कुजलेल्या पदार्थांवर जगतात.

पोटावर खोटे पाय किती जोड्या आहेत? पतंगाच्या अळीला जास्तीत जास्त पाच : चार मधे आणि एक शेवटी. सोयाबीनवरील उंटअळीला मधल्या चारऐवजी दोनच असतात, म्हणून ती पाठ उचलून चालते. सहा किंवा अधिक जोड्या मोजल्या तर ती पतंगाची अळीच नाही. मोहरी आणि मुळ्यावरील काळपट अळी अशी आठ जोड्यांची असते आणि ती गांधीलमाशीच्या दूरच्या नातलगाची, करवतमाशीची, आहे. पतंगाच्या अळीच्या खोट्या पायांच्या तळव्यावर बारीक आकड्या असतात, करवतमाशीच्या अळीत त्या नसतात.

त्वचा कशी आहे? घाटेअळीची त्वचा भिंगाखाली बारीक काट्यांनी खरखरीत दिसते. तंबाखूची पाने खाणाऱ्या अळीची त्वचा गुळगुळीत असते आणि पाठीच्या दोन्ही बाजूंनी काळ्या त्रिकोणी ठिपक्यांच्या जोड्या असतात. ठिपक्यांच्या बोंडअळीच्या अंगावर मांसल उंचवटे असतात. मक्यावरील लष्करी अळी, जी भारतात २०१८ मध्ये प्रथम कर्नाटकात नोंदली गेली, तिच्या डोक्यावर उलटा ‘वाय’ असतो असे सर्व पत्रकांत छापलेले असते. एवढ्यावर थांबू नये, कारण फिकट उलटा ‘वाय’ इतर अळ्यांच्या डोक्यावरही दिसतो. शेपटीकडून दुसऱ्या खंडावर, म्हणजे उदराच्या आठव्या खंडावर, चौकोनात मांडलेले चार गडद ठिपके दिसले तरच ओळख पक्की मानावी.

कामगंध सापळ्यातल्या (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यातल्या) पतंगांबद्दल थोडेच सांगतो. शेंदरी बोंडअळीसाठी सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग ही पातळी धरली जाते, पण सापळ्यात इतर बारीक पतंगही येऊन अडकतात. पंखांवरची भुकटी उडालेला पतंग ओळखणे अवघड असते, म्हणून सापळा रोज सकाळी पाहावा.

७. कोळी, गोचीड आणि गवतातला धोका

वांगी, भेंडी, पराटी यांवरील लाल कोळी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. पान पांढऱ्या कागदावर झटकल्यास धुळीचे कण पडल्यासारखे वाटते. थोडे थांबल्यावर काही कण सरकू लागतात. भिंगाखाली फुगीर, लंबगोल शरीर, त्यावर उभे केस, पुढच्या बाजूला तांबडे डोळे आणि आसपास गोल, मोत्यासारखी अंडी दिसतात. मादी गोलसर, नर लहान आणि मागे टोकदार.

याच पानावर एक दुसरा कोळी फिरत असतो : चकचकीत, मागे रुंद आणि पुढे निमुळता, लांब पायांचा, सतत आणि वेगाने पळणारा. त्याची अंडी गोल नसून लंबगोल असतात. हा फायटोसिड कुळातला शिकारी आहे आणि लाल कोळ्याला खातो. संथ तो झाडाचा शत्रू, चपळ तो आपला, हा नियम पूर्ण शास्त्रीय नसला तरी वावरात उपयोगी पडतो. सिंथेटिक पायरेथ्रॉइडच्या फवारणीनंतर लाल कोळी उसळतो, त्यामागे हा शिकारी मेला हे एक मोठे कारण असते.

मिरचीवरील पिवळट-पांढरा कोळी याहून लहान असतो आणि जाळी करत नाही. शेंड्याची कोवळी पाने तपासावीत. मादीच्या पायांची शेवटची जोडी बारीक आणि टोकाला लांब केस असलेली असते. नर पुष्कळदा मागच्या पायांवर भावी मादीला उचलून नेताना दिसतो.

लाल कोळ्याच्या जवळच्या जाती एकमेकींपासून वेगळ्या करायच्या तर नराचे जननांग बाजूने पाहावे लागते. म्हणून नमुन्यात नर हवेतच. पंचवीस-तीस कोळी घेतले तर त्यांत काही नर सहसा येतात. काचपट्टी तयार करण्याचे काम मात्र प्रयोगशाळेवर सोडावे, त्यासाठी लागणारी रसायने घरी हाताळण्यासारखी नाहीत.

मृगाच्या पहिल्या सरींनंतर धुऱ्यावर (बांधावर) फिरणारा लाल मखमली मृगाचा किडा हाही कोळ्यांच्याच वर्गातला, आठ पायांचा. तो पिकाला त्रास देत नाही, कीटकांची अंडी व इतर बारीक जीव खातो. त्याच्या नात्यातल्या एका कुळाची सहा पायांची, नारिंगी, मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी पिल्ले मात्र माणसाला चावतात आणि त्यांतून स्क्रब टायफस होतो. २०१८ मध्ये नागपूर आणि आसपासच्या भागात या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले होते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात उंच गवतात किंवा उंदरांची बिळे असलेल्या धुऱ्यावर नमुने घेताना पाय झाकावेत, गवतावर बसू नये, घरी आल्यावर आंघोळ करून कपडे धुवावेत. नंतर ताप आला आणि काखेत, जांघेत किंवा कमरेशी काळी खपली दिसली तर गवतात गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

गोचीड तुलनेने मोठे असल्यामुळे शिकायला सोपे. वरून पाहताना तोंड दिसले तर तो कठीण पाठीचा गोचीड. तोंड खाली लपलेले असेल तर मऊ गोचीड. कठीण गोचिडात पाठीवरची ढाल नराची पूर्ण पाठ झाकते, मादीची मात्र पुढचाच भाग. गुरांवरील नेहमीच्या निळसर गोचिडाचे तोंड आखूड आणि त्याचा पाया षटकोनी असतो. लांब तोंड आणि पायांवर फिकट पट्टे असतील तर तो हायलोमा गटातला असण्याची शक्यता असते. गुराच्या अंगावरून ओढून काढताना तोंड कातडीत तुटून राहते आणि नेमकी ओळखीची खूणच हरवते. म्हणून चिमटा कातडीला टेकवून, तोंडाजवळ धरून, सरळ वर उचलावा.

८. नमुना जतन करा आणि योग्य ठिकाणी न्या

मऊ शरीराचे सर्व जीव, म्हणजे मावा, फुलकिडे, अळ्या, कोळी, ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावेत. बोटाने उचलू नये. ओल्या ब्रशच्या टोकाला चिकटवून बाटलीत सोडावे. अळ्या थेट अल्कोहोलमध्ये टाकल्यास काळ्या पडतात, त्यामुळे आधी उकळी आलेल्या पाण्यात क्षणभर बुडवाव्यात. भुंगे व ढेकण्या कोरडे ठेवता येतात. टाचणी लावायचीच तर भुंग्यात उजव्या पंखातून, ढेकण्यात त्रिकोणी ढालीच्या किंचित उजवीकडून आणि पतंगात वक्षाच्या मधोमध लावावी, म्हणजे निदान एक बाजू तरी शाबूत राहते. पतंग अल्कोहोलमध्ये कधीही टाकू नये.

चिठ्ठी शिसपेनने लिहावी आणि बाटलीच्या आत टाकावी. पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि बाहेर चिकटवलेली चिठ्ठी गळून पडते. चिठ्ठीवर गाव, तालुका, जिल्हा, दिनांक, पीक व वाण, झाडाचा कोणता भाग, शेवटची फवारणी आणि गोळा करणाऱ्याचे नाव एवढे असावे. ज्या नमुन्यावर ठिकाण आणि तारीख नाही, त्याला प्रयोगशाळेत कोणी फारसे महत्त्व देत नाही आणि ते योग्यच आहे.

फोटो काढताना आलेख कागद खाली ठेवावा, म्हणजे आकार आपोआप नोंदला जातो. वरून, बाजूने, पोटाकडून आणि समोरून असे किमान चार फोटो हवेत. पोटाकडचा फोटो बहुतेक जण विसरतात आणि सोंड व पाय नेमके तिथेच असतात.

प्रथम गावचे सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) आणि जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र गाठावे. पुढची ओळख लागली तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा कीटकशास्त्र विभाग, कपाशीसाठी नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि संत्र्या-मोसंबीसाठी नागपूरचीच केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. अल्कोहोल ज्वलनशील असल्याने टपालाने किंवा कुरिअरने पाठवता येत नाही. नमुना स्वतः न्यावा किंवा त्या बाजूला जाणाऱ्या कोणाच्या हाती द्यावा. सोबत आपल्या वहीतील नोंदीची प्रत द्यावी आणि तोच क्रमांक टाकलेली दुसरी बाटली स्वतःजवळ ठेवावी, म्हणजे ओळख कळल्यावर वावरात पुन्हा दिसणाऱ्या जिवाशी ती ताडून पाहता येते.